सोवळं कपड्यांत धरत नाहीत

शाल्मलीनं जेवणाच्या टेबलावर आलेख ठेवला आणि म्हणाली, "आई, ही रेघ कुठे चाललीये सांगा."

मी वाटाणे सोलत होते. चष्मा सारखा करून पाहिलं. "खाली."

"वर जायला हवी होती." ती खुर्चीत बसली ती बसलीच. "दोन वर्षं. सहाशे बारा घरं. आणि निकाल काय, तर अभय जितकं जास्त वापराल तितका थायरॉइडचा त्रास कमी! मीच कंपनीची जाहिरात करून ठेवलीये."

शाल्मली माझी सून. जिल्ह्याच्या संशोधन केंद्रात साथरोगांचा अभ्यास करते. मुलगा जहाजावर असतो, त्यामुळे कृष्णाकाठच्या धारेश्वरात आम्ही दोघीच. तिचं काम तिचं, माझे नेम माझे. पहाटे स्नान, दोन तास पूजा, अकरा माळा जप, आणि तोंडून खोटं काढायचं नाही, हा लग्नाआधीपासूनचा नेम. तिच्या अभ्यासात धारेश्वरातल्या एकशे ऐंशी घरांच्या प्रश्नावल्या मीच घरोघर जाऊन भरल्या होत्या. केंद्राला माणसं हवी होती, आणि बायका माझ्याशी बोलतात.

ज्यांच्या गावात अभय पोचलंच नव्हतं, त्यांच्यासाठी सांगते. अभय हा जंतुनाशक लेप. आधीची जंतुनाशकं साबणाबरोबर वाहून जायची, हा मात्र धाग्याला, प्लॅस्टिकला, रंगाला घट्ट धरून राहायचा. जंतूला आपल्याभोवतीचं आवरण विणायला एक विकर लागतं. त्या विकराच्या खाचेत अभयचा रेणू जाऊन बसतो आणि जंतू उघडा पडून मरतो. आमच्याकडे काविळीची मोठी साथ येऊन गेली होती. चार घरांआड एक माणूस गेलं होतं. त्यामुळे अभय आलं तेव्हा लोकांनी ते हात जोडून घरात घेतलं. चटया, मोजे, पोळपाट, खेळणी, एस.टी.च्या दांड्या, सगळीकडे अभय.

आता पाळी पाण्याची होती. तीन तालुक्यांतल्या नव्या नळांना आतून अभयचा लेप द्यायचा, असा प्रस्ताव जलसुरक्षा समितीपुढे होता. नऊ आठवड्यांनी सुनावणी. चटई नको असेल तर गुंडाळून ठेवता येते, पण नळातून आलेलं अभय नको म्हणणाऱ्याच्याही तांब्यात पडणार होतं.

शाल्मलीचा संशय वेगळा होता. तिनं मला एकदा समजेल असं सांगितलं होतं. "आई, थायरॉइडचं संप्रेरक रक्तातून डोलीत बसून जातं असं समजा. अभयच्या रेणूचा आकार त्याच्यासारखाच, म्हणून ते आधी डोलीत चढून बसतं. जे संप्रेरक खाली राहतं, ते यकृत टाकून देतं. मग बाई थकते, सुजते, केस गळतात. आणि ती गर्भार असेल, तर बाळाच्या मेंदूला जे पोचायला हवं ते पोचत नाही."

हे सिद्ध करायला अभय अजिबात न वापरणारी माणसं हवी होती, तुलनेला. अशी माणसं मिळणं महाकठीण. ती मिळाली आमच्या श्रीसूक्त मंडळात. आम्ही तेहतीस जणी. अंगाला डाळीचं पीठ, केसांना रिठे, भांड्यांना राख. चौऱ्याऐंशी प्रश्नांना चौऱ्याऐंशी वेळा 'नाही'. आणि नेमक्या आमच्यातच थायरॉइडच्या रोगी सगळ्यांत जास्त. तेहतिसांत चौदा. चौदांतली एक मी.

"तुम्ही वापरत नाही, तरी तुमच्या घामात अभय आहे," शाल्मली म्हणाली. "भरपूर. कुठून येतंय?"

"हवेतून?"

"हवेतून आलं असतं तर सगळ्यांतच आलं असतं."

दुसऱ्या दिवशी ती शोधकांडी घेऊन घरभर फिरली. ही कांडी वीतभर लांब, वस्तूवर हलका उजेड टाकते आणि अभय असलं की टिकटिकते. स्वयंपाकघर गप्प. न्हाणीघर गप्प. माझं कपाट, अंथरूण, चपला, सगळं गप्प. मी देवघरात गंध उगाळत होते. ती दारापर्यंत आली.

"शिवू नकोस गं, सोवळ्यात आहे मी."

"नाही शिवत. इथूनच..." आणि तिच्या हातातली कांडी टिकटिकायला लागली. तिनं ती देव्हाऱ्याकडे केली, टिकटिक कमी झाली. माझ्याकडे केली, वाढली.

"आई, तुम्ही आत्ता नेसलात काय?"

"सोवळं."

"म्हणजे कशाचं?"

"धाबळी. लोकरीची. गेल्या अधिक महिन्यात मंडळात तेहतीस जणींना वाण आलं ना, त्यातली. फार छान आहे. वास येत नाही, कसर लागत नाही."

"ती प्रश्नावलीत लिहिलीत का? 'अंगावर वापरायचे कपडे' या सदरात?"

मी म्हटलं, "कपडे कुठे? सोवळं आहे ते."

बोलून गेले, आणि सहाण पुढे सरकवता सरकवता हात थांबला. शाल्मलीनं कांडी बंद केली.

कपडे म्हणजे आपण घालतो, धुतो, वाळत टाकतो ते. सोवळं आम्ही नेसतो. ते उंचावरच्या वळणीवर असतं, काठीनं काढायचं, काठीनं टाकायचं, कुणी हात लावायचा नाही. केंद्राची मुलं नमुने घ्यायला घरोघर आली, तेव्हा प्रत्येक बाईनं सांगितलं होतं, "बाकी सगळं बघा रे, तेवढ्याला शिवू नका." मुलं बिचारी शहाणी, शिवली नाहीत. आणि लोकरीचं सोवळं रोज धुवावं लागत नाही. म्हणजे तोच लेप, ओल्या अंगाला, रोज दोन तास, तीन वर्षं. ओली कातडी कोरडीपेक्षा कितीतरी जास्त शोषून घेते, हे शाल्मलीनं नंतर सांगितलं. मला त्या घडीला एकच दिसत होतं. तेहतीस घरांच्या प्रश्नावल्यांत माझ्या हातानं 'नाही' लिहिलं होतं. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं.

"नमुना हवाय मला," शाल्मली हळूच म्हणाली. "एवढासा तुकडा. तुम्ही कापून दिलात तर लोक म्हणतील..."

"मग तू काप."

"पण सोवळं..."

"अंघोळ करून ये."

लग्न होऊन सहा वर्षं झाली, माझ्या देवघरात ती कधी आत आली नव्हती. मी बोलावलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. पाच मिनिटांत ती ओलेत्यानं आली, केसांतून पाणी ठिबकत, एका हातात कात्री, एका हातात चिमटा. मी पदर पुढे केला. तिनं टोकाचा बोटभर तुकडा कापला, बाटलीत टाकला, आणि जाता जाता वाकून देवांना नमस्कार केला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"आलेच आहे तर," ती म्हणाली.

तुकड्यात अभय निघालं. चटईत असतं त्याच्या चौपट.

मंडळात सांगणं सोपं नव्हतं. हेमाताई आमच्या मंडळाच्या जुन्या, आवाज खणखणीत. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मंजू, आता देवापुढे काय नेसून बसायचं ते तुझ्या सुनेला विचारायचं?"

"देवाला सोडत नाही हेमाताई. धाबळी सोडते."

"आणि नेसायचं काय?"

"सुती. रोज धुऊन. आपणच धूतवस्त्र म्हणतो ना? धुतलेलं म्हणून तर सोवळं."

"रोज कोण धुणार? माझे गुडघे बघितलेस का?"

"गुडघे दुखतायत, पाय सुजतायत, केस मूठमूठ जातायत. कधीपासून?"

हेमाताई बोटांवर मोजायला लागल्या. मोजता मोजता बाकीच्या बायकाही मोजायला लागल्या. सगळ्यांची बोटं त्याच अधिक महिन्यापाशी येऊन थांबली.

पण बोटांवरचा हिशेब समितीपुढे चालत नाही. शाल्मलीनं मांडणी केली. निम्म्या जणींनी धाबळी आत्ता सोडायची, निम्म्यांनी चार आठवड्यांनी. दंडावर घामपट्टी, ती रोज अंगातलं अभय मोजणार. दर आठवड्याला बोटातून रक्ताचा थेंब. तपासणाऱ्या प्रयोगशाळेला नुसते आकडे जाणार, कोण कुठल्या गटात ते कळणार नाही. पहिल्या आणि दुसऱ्या गटाचं अभय आपापल्या वेळी उतरलं, आणि त्यामागून संप्रेरक आपापल्या वेळी वर आलं, तर वय, पाणी, हवा अशी कुठलीच सबब उरत नाही. केंद्राच्या नीतिसमितीनं डॉक्टरांच्या देखरेखीच्या अटीवर परवानगी दिली.

"कोण कुठल्या गटात, हे मी ठरवायचं नाही," शाल्मली म्हणाली. "तुम्हीही नाही. यादृच्छिक निवड व्हायला हवी. मी संगणकावर..."

"चिठ्ठ्या टाकायच्या का देवापुढे?" हेमाताईंनी विचारलं.

शाल्मली हसली. "त्यालाच आमच्यात यादृच्छिक निवड म्हणतात, काकू."

तेहतीस चिठ्ठ्या, एका पेल्यात. सतरा पहिल्या गटाच्या, सोळा दुसऱ्या. माझी चिठ्ठी दुसऱ्या गटाची निघाली.

घराच्या पायऱ्यांवर शाल्मलीनं माझा हात धरला. "आई, तुमचे आकडे चौदांत सगळ्यांत वाईट आहेत. तुम्ही बदलून घ्या. हेमाकाकू पहिल्या गटात आहेत, त्या तयार होतील. कुणाला कळणार नाही."

"तुला कळेल."

"मला चालेल!"

"मागच्या महिन्यात कोण म्हणत होतं, एक आकडा हातानं हलवला की सगळे आकडे खोटे?"

"ते परक्यांबद्दल होतं हो." तिचे डोळे भरले होते. "तुम्ही आजारी आहात. आणखी चार आठवडे ते अंगावर घेऊन बसणार, मुद्दाम?"

"तीन वर्षं बसलेच की. आणि शाल्मली, ती चिठ्ठी देवापुढे उघडलीय. मी तर बदलणारच नाही. पण तूही बदलायची नाहीस, तुझ्या शास्त्राची शपथ आहे तुला."

ते चार आठवडे मला आठवतात. जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. माळ ओढताना बोटं जड व्हायची. पण एकही दिवस चुकवला नाही, एक मिनिट कमी बसले नाही. शाल्मली रोज सकाळी दाराशी उभी राहून माझ्याकडे बघायची आणि कामाला जायची. दुसऱ्या गटातल्या सोळा जणींपैकी कुणीच चुकवलं नाही. पहिल्या गटातल्या सतरा जणी रोज उठून सुती वस्त्र पिळत होत्या, गुडघ्यांसकट. शाल्मली एकदा म्हणाली, "माझ्या प्रयोगांत तिसरा हिस्सा माणसं मध्येच सोडून जातात. इथे एक नाही. तुम्ही बायका आहात का घड्याळं?"

"व्रत म्हणजे काय वाटलं तुला?" मी म्हटलं.

चार आठवड्यांनी मी धाबळी उतरवली आणि सुती नेसले. अंग हलकं वाटलं की मनाचा खेळ, ठाऊक नाही. आकड्यांना मात्र मन नसतं.

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी होती. समितीच्या अध्यक्षा डॉ. फरीदा इनामदार, निवृत्त डॉक्टर, पांढरे केस, बोलणं मोजकं. कंपनीकडून डॉ. तन्मय रास्ते आले होते. तरुण, हुशार, चुरचुरीत. त्यांनी शाल्मलीचाच जुना आलेख पडद्यावर लावला.

"मॅडम, हा आमचा नाही, यांचाच अभ्यास आहे. अभय न वापरणाऱ्यांत आजार जास्त. आता निकाल मनासारखा आला नाही, म्हणून या म्हणतात प्रश्नावल्या चुकीच्या भरल्या. कुणी भरल्या? यांच्या सासूबाईंनी." सभागृहात हशा. "सासू-सुनेच्या या घरगुती मामल्यावर आपण तीन तालुक्यांचं पाणी ठरवायचं का?"

अध्यक्षांनी मला बोलावलं. ध्वनिक्षेपक माझ्या तोंडाशी आणून ठेवला, तरी म्हणाल्या, "जरा मोठ्यानं बोला."

"मोठ्यानं बोलायची सवय नाही मला. सावकाश बोलते." "रास्ते साहेब म्हणतात ते खरं आहे. चूक माझी. तेहतीस घरांत मी 'नाही' लिहिलं आणि ते चुकीचं होतं. प्रश्न होता, अभय लावलेले कपडे वापरता का? आम्ही सोवळं नेसतो. सोवळं कपड्यांत धरत नाहीत. कुणी लपवलं नाही. कुणाच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर ते रोज अंगावर घेऊन विचारायला जात होते."

मग शाल्मलीनं नवा आलेख लावला. सतरा जणींच्या घामातलं अभय पहिल्या दिवसापासून उतरत गेलं, आणि त्यामागून संप्रेरक वर चढलं. सोळा जणींच्या रेघा चार आठवडे जागच्या जागी पडून, आणि बरोबर एकोणतिसाव्या दिवशी वळल्या. दोन्ही गटांच्या रेघा चार आठवड्यांच्या अंतरानं एकाच वाटेनं गेल्या होत्या. त्यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतंच.

रास्ते उठले. "तेहतीस बायका! सहाशे बारा घरांपुढे?"

"मुद्दा आहे," अध्यक्षा म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, तुमच्याकडे सोवळं. माझ्याकडे जानमाज आहे, नमाजाची. रोज पाच वेळा कपाळ टेकते तिच्यावर. मी जानमाज 'वापरते' असं आयुष्यात कधी म्हटलं नाही. माझ्या भाच्यानं आणून दिलेली आहे, अभयचीच." "सहाशे बारा घरांत पुन्हा जा. एकच प्रश्न विचारा. रास्ते साहेबांची माणसंही बरोबर असू देत. निर्णय दहा दिवसांनी."

प्रश्न शाल्मलीनं आणि मी बसून लिहिला. चौऱ्याऐंशी प्रश्नांनी जे काढलं नाही ते या एकानं काढलं. *अशी कोणती वस्तू तुमच्या अंगाला रोज लागते, जी तुम्ही 'वापरते' असं कधी म्हणत नाही?*

उत्तरं यायला लागली आणि आम्ही बघत राहिलो. एका आईनं सांगितलं, बाळाची लाळेरी. ती मी कुठे वापरते, बाळ वापरतं. एका आजोबांनी कवळीची डबी दाखवली. कुस्तीच्या तालमीतून लंगोट आला. गुऱ्हाळावरच्या बाईची डोक्यावरची चुंबळ. मेलेल्या नवऱ्याचा सदरा उशाशी घेऊन झोपणारी एक बाई होती, तिनं तो शाल्मलीच्या हातात दिला आणि म्हणाली, "तपासा, पण परत द्या." कांडी टिकटिकत राहिली. जिथे टिकटिक, तिथे बहुतेक वेळा घरात थायरॉइडची गोळी. कंपनीची माणसं सगळ्या घरांत बरोबर होती, तीही लिहून घेत होती.

सहाव्या दिवशी डॉ. रास्ते स्वतः आमच्या दारात आले. चहा घेतला नाही. उभ्यानंच म्हणाले, "काकू, माझी आई पूजेला तीच धाबळी नेसते. मीच नेऊन दिली होती." मला त्यांची फार दया आली. "तिला सुती नेसायला सांगा," मी म्हटलं, "आणि उद्याच तपासून घ्या. भरून येतं हो हे. माझं येतंय."

दहाव्या दिवशी आम्ही तेहतीसही जणी सभागृहात होतो. दुरुस्त केलेली रेघ पडद्यावर लागली. ती खालून वर गेली होती, तिरपी, स्वच्छ, सहाशे बारा घरांमधून. डॉ. रास्ते उठले आणि म्हणाले, "आमच्या बाजूनं आकड्यांबद्दल हरकत नाही." एवढं बोलायला छाती लागते. मी मनात त्यांना नमस्कार केला.

अध्यक्षांनी निर्णय वाचला. तीन तालुक्यांच्या नळांना अभयचा लेप देण्याचा प्रस्ताव नामंजूर. अंगाला लागणाऱ्या सगळ्या वस्तूंतून अभय सहा महिन्यांत काढून घ्यावं. काविळीवर उपाय म्हणून नळ साधे, पण नवे, आणि पाण्याची तपासणी रोज.

हेमाताई इतक्या जोरात ओरडल्या, की पहारेकरी आत धावत आला. मग बत्तीसही जणी ओरडल्या. अध्यक्षांनी हातोडी आपटली, "शांतता! शांतता!" आणि मग स्वतःच हसत सुटल्या. शाल्मलीनं मला कडकडून मिठी मारली, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडली. माझा त्या सकाळचा थायरॉइडचा आकडा तिच्या खिशात होता. अगदी जागेवर आलेला.

एस.टी.त बसलो तोवर तिचा फोन वाजायला लागला. एका जिल्ह्याचा, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. त्यांच्याकडेही आलेख उलटेच आले होते. तोच प्रश्न हवा होता सगळ्यांना.

"पाठवते की," शाल्मली फोनवर म्हणत होती. "पण हा प्रश्न कागदावर पाठवून भागत नाही. तो विचारायला माणसं लागतात. एकही दिवस न चुकवणारी." तिनं मान वळवून आमच्याकडे पाहिलं. पुढच्या बाकांपासून मागच्या बाकापर्यंत आम्हीच होतो. "किती हवीत? तेहतीस आहेत माझ्याकडे."

"सोमवारपासून जमेल म्हणावं," हेमाताई मागून म्हणाल्या. "पण पूजा उरकून निघणार. सकाळी सहाच्या आत कुणी बोलवायचं नाही."

सोमवारी सहाच्या गाडीला आम्ही तेहतीसही जणी हजर होतो.